लाँगयरब्येनला आम्ही पोहोचलो, बॅग नाही (आर्क्टिक जहाजसफर)

सदाफुली | ९ जुलै २०२५, ०७:१२

इथे पहाटेचे पावणेचार वाजलेत. जाड पडदा ओढलाय तरी कडेने ऊन आत येतंय. हे घोरतायत. मला झोप नाही, म्हणून धागा काढते. सल्लाही हवाय.

स्वालबार्ड म्हणजे नॉर्वेच्या मुख्य भूमीपासून बरंच उत्तरेला असलेला बेटांचा समूह. लाँगयरब्येन हे त्यातलं मुख्य गाव. वस्ती अडीच हजाराच्या आसपास, अक्षांश ७८ उत्तर. इथून उत्तर ध्रुव साधारण १,३०० किलोमीटर, म्हणजे ऑस्लोपेक्षा जवळ. नेमाने प्रवासी विमानं जातात अशा विमानतळांमध्ये हा जगातला सगळ्यात उत्तरेकडचा. उद्या, १० तारखेला दुपारी चारला इथून आमचं जहाज सुटतंय. दहा रात्री. तीन वर्षं पैसे साठवलेत, निवृत्तीचा सगळा हट्ट यात आहे.

रात्री एकला उतरलो. रात्री म्हणायचं ते घड्याळाकडे बघून. ऑस्लोहून निघताना संध्याकाळ होती आणि तीन तास उत्तरेला उडत गेलो तसा उजेड वाढतच गेला. ढग फाटले आणि खाली डोंगर दिसले. माथे सपाट, सुरीने कापल्यासारखे, अंगावर बर्फाचे पट्टे. झाड एकही नाही. आपल्या सह्याद्रीतल्या पठारांचा हिरवा रंग कोणीतरी खरवडून काढला तर कसं दिसेल, तसं. मग फ्योर्डचं, म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेल्या समुद्राचं, पाणी इतकं जवळ आलं की पाण्यातच उतरतोय की काय असं वाटलं. धावपट्टी थेट किनाऱ्याला लागून आहे.

बोगदा वगैरे काही नाही, शिडीवरून उतरायचं आणि चालत इमारतीत जायचं. आठेक मिनिटांत सगळं विमान आत! आपल्या एखाद्या तालुक्याच्या एसटी स्टँडएवढा विमानतळ. सामानाच्या पट्ट्याच्या मधोमध पेंढा भरलेलं पांढरं अस्वल उभं केलंय. लोक बॅगा सोडून त्याचेच फोटो काढत होते. मीही काढले. पट्टा फिरतो, अस्वल जागचं हलत नाही. मग एकेक करत माणसं निघून गेली, यांची बॅग आली आणि पट्टा थांबला.

माझी आलीच नाही.

आता माझा शहाणपणा ऐका. सगळे लोकरीचे कपडे, दोघांचे, माझ्या बॅगेत. कारण "गरम कपडे एका जागी असलेले बरे". यांच्या बॅगेत खाऊ. तर आत्ता आमच्याकडे चकल्या, मेतकूट, लसणाची चटणी, दोन किलो दाण्याचे लाडू आहेत आणि अंगावरचं एक स्वेटर. वाटेत दोनदा विमान बदललं. एका ठिकाणी बॅगा काढून पुन्हा द्यायच्या की थेट जाणार, यावर दोन खिडक्यांवर दोन उत्तरं मिळाली होती, तेव्हाच पाल चुकचुकली होती. कंपनीचं आणि विमानतळाचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको.

इथल्या काउंटरवरच्या मुलीने शांतपणे कागद भरून दिला. बाहेर बस आमच्यासाठी थांबली होती. प्रत्येक विमानाला ती असते आणि सगळ्या हॉटेलांवरून फिरते. गाव पाचेक किलोमीटरवर.

जहाज सुटायला छत्तीस तास आहेत. काय करू?

---

रानभूल | ९ जुलै, ०७:५५

अरेरे! पण वर्णन काय झकास केलंयस. अस्वलाचा फोटो टाक ना.

---

शंकासुर | ९ जुलै, ०८:०३

दोन किलो लाडू? ध्रुवावर दुकान टाकायचं होतं का ताई?

---

उत्तरवाट | ९ जुलै, ०८:४०

मी नॉर्वेत अकरा वर्षं आहे, स्वालबार्डला दोनदा जाऊन आलोय. घाबरू नका, हे तिथे नेहमीचं आहे. आता उठल्यावर या क्रमाने करा.

पहिलं म्हणजे जहाजवाल्यांच्या गावातल्या एजंटला फोन. बॅगेच्या कागदावरचा नंबर त्याला द्या, म्हणजे बॅग तो परस्पर विमानतळावरून उचलेल. तुम्ही जहाजावर गेल्यावर विमान कंपनीला तुम्ही कुठे सापडणार?

दुसरं, जहाजाकडून आलेलं पत्र नीट वाचा. गमबूट जवळजवळ सगळेच देतात. बरेच जण वरचं जाड जाकीटही देतात. तेवढं मिळत असेल तर तुमचं अर्धं काम झालं. आतून घालायचे लोकरीचे कपडे, वरून पाणी न शिरणारी विजार, हातमोजे आणि टोपी एवढंच उरतं. गावातल्या मुख्य रस्त्यावर ही दुकानं एकाला एक लागून आहेत. महाग आहेत, पण स्वालबार्डवर विक्रीकर नाही, त्यामुळे ऑस्लोपेक्षा फार फरक पडत नाही.

कापडी बनियन-पायजमा आत घालू नका. सुती कापड घामाने ओलं झालं की वाळत नाही आणि झोडियाकमध्ये वारा लागला की हाडं गोठतात. जुलैत हवा सहा-सात अंश असते, तेवढ्याने काही होत नाही. पण झोडियाकच्या, म्हणजे फुगवलेल्या रबरी बोटीच्या, काठावर बसून, तोंडावर पाण्याचे शिंतोडे घेत तासभर जायचं असतं, तिथे खरी थंडी लागते.

पावत्या सगळ्या ठेवा. विम्याला लागतील.

---

कडकलक्ष्मी | ९ जुलै, ०९:१०

उत्तरवाट यांना अनुमोदन. आणि सदाफुली, आता कळलं ना दोघांच्या बॅगांत कपडे अर्धे-अर्धे का टाकायचे? आमच्याकडे मी सक्तीने करते. नवरा म्हणतो माझ्या बॅगेत तुझे परकर का. म्हटलं, तुला नेसायला नाहीत.

---

शंकासुर | ९ जुलै, ०९:२५

एक खरी शंका. स्वालबार्ड नॉर्वेचंच ना? मग माझ्या मेहुण्याला तिथे जाताना मध्ये पासपोर्ट का दाखवावा लागला? विमानातून उतरवून म्हणे रांगेत उभं केलं.

---

सदाफुली | ९ जुलै, १३:०५

झाले तीन तास झोपून. एजंटला फोन केला, भला माणूस आहे. जहाज गमबूट देणार आहे, जाकीटही देणार आहे. हुश्श!

@शंकासुर, हा मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. इथे यायला कुणालाच व्हिसा लागत नाही, आपल्यालाही नाही. पण येणार कुठून? ऑस्लो किंवा ट्रोम्सोवरूनच. म्हणजे शेंगेनमध्ये शिरायचं, मग स्वालबार्डसाठी शेंगेनमधून बाहेर पडायचं आणि परतताना पुन्हा शिरायचं. थेट ऑस्लोहून आलात तर तपासणी ऑस्लोला. ट्रोम्सोमार्गे असेल तर ट्रोम्सोला सगळ्यांना हातातलं सामान घेऊन खाली उतरवतात, पासपोर्ट बघतात आणि त्याच विमानात परत बसवतात. मेहुण्यांचं तेच झालं असणार.

म्हणून व्हिसावर प्रवेशांची संख्या लिहितात त्या रकान्यात ०२ किंवा बहुप्रवेश असायलाच हवं. ०१ असेल तर तुम्ही स्वालबार्डला जाल आरामात, परत कसे येणार?

---

कडकलक्ष्मी | ९ जुलै, १३:३०

हे अगदी खरं. आमच्या ओळखीतल्या एका काकांचं असंच झालं. बायकोच्या व्हिसावर ०२, यांच्या ०१. एजंटने अर्ज भरताना चूक केली की देणाऱ्यांनी तसाच दिला, देव जाणे. घरी कोणी तो रकाना वाचलाच नाही. पासपोर्टच्या खिडकीवरच्या अधिकाऱ्याने फार नम्रपणे सांगितलं, जा, पण परत यायला तुमच्याकडे कागद नाही. काकू एकट्या गेल्या! काका आठ दिवस ऑस्लोत म्युझियमं बघत बसले. काकू अजून म्हणतात, आयुष्यातली सगळ्यात निवांत सहल.

---

निवांत_आजोबा | ९ जुलै, १४:१५

या व्यवस्थेचं मूळ ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये झालेल्या करारात आहे. तोपर्यंत ही बेटं कुणाच्याच मालकीची नव्हती. व्हेलची शिकार करणारे, फासेपारधी आणि पुढे कोळसावाले असे निरनिराळ्या देशांचे लोक तिथे येत-जात असत. करारानं सार्वभौमत्व नॉर्वेला दिलं, पण सही करणाऱ्या सर्व देशांच्या नागरिकांना तिथे राहण्याचा आणि व्यवसाय करण्याचा समान हक्क ठेवला. लष्करी तळ उभारायला मनाई केली. १९२५ पासून तो अमलात आहे.

सही करणाऱ्यांत हिंदुस्थानही होता, अर्थात ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून. त्यामुळे शंकासुरांना उद्या तिथे वडापावची गाडी लावायची झाली तर कागदोपत्री हक्क शाबूत आहे. स्वतःच्या राहण्याची आणि पोटापाण्याची सोय मात्र स्वतः करावी लागते. सरकारी मदत मिळत नाही.

गावाचं नाव जॉन मन्रो लाँगयर या अमेरिकन उद्योजकावरून पडलं. त्याच्या कंपनीनं १९०६ मध्ये तिथे कोळशाची खाण सुरू केली.

---

झणझणीत | ९ जुलै, १४:४०

तिथे मरायला कायद्याने बंदी आहे ना? व्हॉट्सॲपवर आलं होतं.

---

उत्तरवाट | ९ जुलै, १५:२०

झणझणीत, असा काही कायदा नाही. कायदा करून मरण थांबत असतं तर सगळीकडेच केला असता. खरी गोष्ट जमिनीची आहे. जमीन खाली कायम गोठलेली. पुरलेलं कुजत नाही, उलट गोठण-वितळण चालू राहिली की हळूहळू वर येतं. म्हणून शवपेट्या पुरणं केव्हाच बंद झालं. अस्थिकलश पुरता येतो. रुग्णालय छोटं आहे, त्यामुळे फार आजारी माणसाला आणि बाळंतपण जवळ आलेल्या बाईला मुख्य भूमीवर पाठवतात. यातूनच "मरायला आणि जन्मायला बंदी" ही कथा तयार झाली.

१९१८ च्या साथीत मेलेल्या खाणकामगारांच्या कबरी तिथे आहेत. त्या फ्लूचा विषाणू गोठून शिल्लक असेल, या आशेने शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये त्या उकरल्या होत्या.

म्हणूनच जहाजवाले हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च धरणारा विमा मागतात. नेहमीच्या प्रवासविम्यात तो असतोच असं नाही. रकमेचा आकडा वाचून घ्या.

---

शंकासुर | ९ जुलै, १५:४५

जमीन गोठलेली आणि वितळणारी, तर मग धावपट्टी कशावर बांधलीय? बर्फावर?

---

उत्तरवाट | ९ जुलै, १६:३०

चांगला प्रश्न. तशीच, गोठलेल्या जमिनीवर. विमानतळ २ सप्टेंबर १९७५ ला राजे ओलाव पाचवे यांच्या हस्ते सुरू झाला. त्याआधी शरद ऋतूत शेवटचं जहाज गेलं की गाव उन्हाळ्यापर्यंत तुटलेलं. मधल्या काळात हिवाळ्यात ॲडव्हेंटडालेन नावाच्या दरीत, कडक गोठलेल्या जमिनीवर विमानं उतरवत. टपाल आणणारं विमान तर कधी वरूनच पोती टाकून जायचं.

आत्ताची धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटर आहे. खालचं बर्फ वितळतं तसतशी ती कुठे खचते, कुठे उंचवटे येतात. दुरुस्ती सतत चालू. हवा गरम होतेय तसं ते काम वाढतंय. बसताना विमानाने उड्या मारल्या असतील तर सदाफुलींनी पायलटला शिव्या घालू नयेत.

---

सदाफुली | ९ जुलै, २१:५०

आजचा वृत्तान्त. दुपारच्या विमानाने बॅग आली नाही. ती कुठेतरी "सापडलीय", पण कुठे ते कुणी सांगत नाही.

खरेदी केली. दोघांना लोकरीचे दोन-दोन जोड, हातमोजे, मला वरची विजार. आकडा लिहीत नाही, आई हा धागा वाचते.

गाव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून होतं. मोठे रस्ते सगळे मिळून पन्नास किलोमीटरही नाहीत आणि ते कुठल्याच दुसऱ्या गावाला जात नाहीत. घरं लाल, पिवळी, हिरवी, खांबांवर उचललेली, कारण घराची ऊब जमिनीला लागली तर तीच वितळायची. डोंगरांच्या उतारावर जुन्या कोळशाच्या रोपवेचे लाकडी मनोरे अजून उभे आहेत. नॉर्वेची इथली शेवटची खाण, सात नंबरची, याच उन्हाळ्यात बंद झाली. दुकानातला माणूस सांगत होता तेव्हा त्याचा आवाज थोडा बदलला. माझं माहेर गिरणगावातलं, मला तो आवाज ओळखीचा.

हॉटेलात, म्युझियममध्ये, सगळीकडे दारात बूट काढायचे. खाणकामगारांच्या बुटांची काजळी घरात नको म्हणून पडलेली रीत. मला एकदम घरी आल्यासारखं झालं. शेजारी एक अमेरिकन बाई बूट काढताना कुरकुरत होत्या, यांनी त्यांना भोकाचा मोजा अभिमानाने दाखवला.

गावाबाहेर पडायच्या रस्त्यावर पांढऱ्या अस्वलाची त्रिकोणी पाटी आहे. तिच्यावर लिहिलंय, "संपूर्ण स्वालबार्डला लागू". त्यापुढे बंदूकवाला माणूस बरोबर असल्याशिवाय जायचं नाही. आम्ही पाटीपर्यंत गेलो, फोटो काढला आणि आज्ञाधारकपणे परत फिरलो. खरा हल्ला अस्वलाने नाही, पक्ष्यांनी केला. आर्क्टिक सुरय! बंदराकडे जाताना रस्त्याच्या कडेलाच त्यांची घरटी. डोक्यावर सूर मारून टोच मारतात. एका मुलीने खुणेने सांगितलं, हात वर धरा, ते सगळ्यात उंच टोकाला टोचतात. यांनी छत्री वर धरली. छत्रीवर टकाटक! हेच एवढेसे पक्षी हिवाळ्यात पार अंटार्क्टिकाला जातात.

विमानतळाच्या वरच्या डोंगरात ते जगभरच्या पिकांच्या बियाणांचं भांडार आहे ना, त्याचं दार रस्त्यावरून दिसतं. आत सोडत नाहीत. डोंगरातून काँक्रीटची पाचर बाहेर आल्यासारखं दिसतं.

जेवणाचं म्हणाल तर गावात थाई लोक बरेच आहेत, त्यामुळे भाज्या घातलेला भात मिळाला. वर लसणाची चटणी.

---

निवांत_आजोबा | ९ जुलै, २२:३०

त्या भांडारात आपलंही धान्य आहे, हे सांगायला हवं. हैदराबादजवळच्या पटांचेरूच्या इक्रिसॅट संस्थेनं ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग यांचे नमुने तिथे ठेवलेले आहेत. भांडार २००८ च्या फेब्रुवारीत उघडलं. ठेव परत काढायची पहिली वेळ २०१५ मध्ये आली, ती सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोजवळची बियाणं-पेढी हाताबाहेर गेली म्हणून.

---

रानभूल | ९ जुलै, २२:४१

म्हणजे आपली ज्वारी त्या पाचरीच्या आत आणि सदाफुलीचे लाडू बाहेर. ध्रुवीय प्रकाश दिसला का ग?

---

सदाफुली | ९ जुलै, २२:५८

अग, दिसायला अंधार लागतो. इथे साधारण २० एप्रिल ते २२ ऑगस्ट सूर्य मावळतच नाही. प्रकाश हवा असेल तर हिवाळ्यात ये, तेव्हा मात्र जहाज नाही.

---

मांडवीकाठ | १० जुलै, ०८:२०

धागा आत्ता पाहिला. ताई, जहाज नी-ऑलेसुन्नला, म्हणजे तिथल्या संशोधकांच्या गावाला, थांबणार असेल तर आमचं एक काम करा. तिथे भारताचं "हिमाद्री" केंद्र आहे, त्याच्या पाटीचा फोटो आणा. १ जुलै २००८ ला सुरू झालं. चालवते ती संस्था आमच्या वास्कोतली, हेडलँड सड्यावरची ध्रुवीय संशोधनाची. माझा आतेभाऊ तिथे जाऊन राहून आलाय. सड्यावरच्या घामातून थेट तिथे! तो सांगतो, पहिल्या दिवशी उतरल्यावर वास कसलाच येईना, तेच विचित्र वाटलं. ना माती, ना मासळी, ना पाऊस.

२०२३ च्या डिसेंबरपासून आपले लोक तिथे हिवाळ्यातही राहतात. समोरच्या फ्योर्डच्या पाण्यात २०१४ पासून आपली उपकरणंही लावलेली आहेत, समुद्राचं तापमान वगैरे मोजायला. तिथल्या बदलांचा आपल्या मान्सूनशी संबंध कसा लागतो, हा त्यांचा एक विषय.

आणि हो, तिथे फोनचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद करावं लागतं. दुर्बिणींना त्रास होतो म्हणून आसपास वीस किलोमीटर रेडिओ-शांतता असते. भावाची बायको म्हणायची, बरा बहाणा मिळाला.

---

झणझणीत | १० जुलै, ०९:०५

सगळं छान आहे, पण स्पष्ट बोलू? बर्फ वितळतोय म्हणून रडायचं आणि तोच बघायला विमानं बदलत, जहाजं जाळत जायचं. एवढ्या पैशात लेहला चार वेळा गेलो असतो.

---

कडकलक्ष्मी | १० जुलै, ०९:२०

झणझणीत, लेहला तुम्ही सायकलने जाता का?

---

सदाफुली | १० जुलै, ११:४०

@मांडवीकाठ, यादीत आहे, हवामान बरं असेल तर. फोटो नक्की.

@झणझणीत, तुमचं म्हणणं खोटं नाही. मी यायच्या आधी यावर बराच विचार केला आणि तरीही आले. समर्थन करत बसत नाही. इथले नियम मात्र कडक झालेत, ते चांगलं आहे. या वर्षी १ जानेवारीपासून संरक्षित भागांत दोनशेपेक्षा जास्त प्रवाशांचं जहाज जाऊ शकत नाही. तिथे माणसांनी उतरायच्या जागा मोजून ४३. अस्वलापासून ३०० मीटर लांब राहायचं, आणि मार्च ते जूनअखेर ५०० मीटर. म्हणजे फोनमध्ये अस्वल म्हणून एक पिवळट ठिपका येणार. जड इंधन तेल वापरायलाही बंदी आहे.

काल संध्याकाळी जहाजाच्या लोकांनी हॉटेलातच कपडे तपासले. बुटांच्या तळव्यांतली माती, वेल्क्रोत अडकलेलं गवताचं बी, सगळं व्हॅक्यूमने ओढून घेतलं. बाहेरचं बी इथे रुजू नये म्हणून. माझे कपडे सगळे कोरे करकरीत, त्यामुळे मी पहिल्या फटक्यात पास. ह्यांच्या जुन्या सॅकमधून मात्र राजमाचीचं कुसळ निघालं! दोन वर्षांपूर्वीच्या ट्रेकचं. त्या मुलीने ते चिमट्याने उचलून पिशवीत टाकलं, एखाद्या खुनाचा पुरावा असावा तसं.

किनाऱ्यावर उतरताना खाण्याचा एकही पदार्थ खिशात ठेवायचा नाही. यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

---

उत्तरवाट | १० जुलै, १२:१५

आज दुपारचं विमान शेवटची संधी. विमानतळावर स्वतः जा. फोनपेक्षा उभं राहिलेलं माणूस बरं.

---

सदाफुली | १० जुलै, १८:२०

गेलो होतो. बसने नाही, टॅक्सीने. चालवणारी बाई फिलिपिन्सची, नऊ वर्षं इथे आहे. म्हणाली, आल्यावर पहिल्या हिवाळ्यात रडायचे, आता मुख्य भूमीवरची झाडं अंगावर आल्यासारखी वाटतात.

विमानतळाबाहेर तो सगळ्यांच्या फोटोत असतो तो दिशादर्शक खांब आहे. शहरांची नावं आणि अंतरं. त्या रात्री बॅगेच्या नादात नीट पाहिलाच नव्हता. मुंबई नाही त्यावर. ह्यांनी वाकून सगळ्या पाट्या वाचल्या, मागच्या बाजूच्याही.

विमान आलं. आमच्याच जहाजाचे बरेच जण त्यातून उतरले. तेच चेहरे, तेच अस्वल, तेच फोटो. परवा रात्री आपण असेच दिसत असू. तासभर उभे राहिलो. एक लाल बॅग शेवटपर्यंत एकटी फिरत राहिली. माझी निळी. काउंटरवर त्या रात्रीचीच मुलगी होती. तिने मान हलवली आणि "उद्या" म्हणाली. उद्या आम्ही फ्योर्डच्या बाहेर असू.

आता धक्क्यावर आलोय. जहाज लहान आहे, त्या डोंगराखाली खेळण्यातलं वाटतंय. पासपोर्ट जमा करून घेतले. गमबूट मिळाले, एक नंबर मोठे, आत दोन मोजे घालून बसले. यानंतर संपर्क कमी. भेटू.

---

रानभूल | १० जुलै, १८:३३

जपून जा ग. लाडूंची काळजी करू नकोस, ते संपतीलच.

---

शंकासुर | १६ जुलै, २२:०५

काही खबर?

---

कडकलक्ष्मी | १६ जुलै, २२:४०

अस्वलाने चकल्या खाल्ल्या असतील तर तीनशे मीटरचा नियम मोडला म्हणायचा.

---

सदाफुली | २२ जुलै, १९:१५

आलो घरी. पुण्यात धो धो. जहाजावरचं सगळं सवडीने वेगळ्या धाग्यात लिहीन. वॉलरस, हिमनदीचे कडे कोसळताना येणारा गडगडाट, आणि एक अस्वल. ठिपकाच, पण त्या ठिपक्याने मान वळवून आमच्याकडे बघितलं.

@मांडवीकाठ, हिमाद्रीचा फोटो काढलाय, व्यक्तिगत निरोपातून पाठवते. लाल लाकडी इमारत, दारावर नाव. यांनी दारासमोर उभं राहून उगाचच पाठ ताठ केली. जवळच चिनी केंद्राच्या दाराशी दगडी सिंह बसवलेत. आणि गावाच्या कडेला ध्रुवसंशोधक आमुंडसेन ज्या वायूने भरलेल्या हवाई जहाजातून १९२६ मध्ये ध्रुवावरून अलास्काला गेला, ते बांधून ठेवायचा लोखंडी मनोरा तसाच उभा आहे. तिथे मात्र बंदूकवाले पुढे-मागे घेऊन चाललो.

आता बॅग. २० ला सकाळी धक्क्याला लागलो, दुपारचं विमान होतं. विमानतळावर पोहोचले तर माझी निळी बॅग सामानाच्या खोलीत भिंतीला टेकून. ११ तारखेलाच आली होती म्हणे. आम्ही गेलो आणि ती आली. जहाज वाटेत अशा कुठल्याच गावाला लागत नाही जिथे ती पाठवता येईल. नी-ऑलेसुन्नला धावपट्टी आहे, पण ती संशोधकांसाठी. एजंटने तिथल्या तिथे ठेवून घेतली, तेच शहाणपणाचं केलं. नऊ दिवस बसून होती.

ती तशीच, न उघडता, परतीच्या विमानात चढवली. ऑस्लोला पासपोर्टवर पुन्हा शिक्का बसला. पुढच्या खिडकीवर एक मुलगा घामाघूम होऊन आपला व्हिसा उलटसुलट करून बघत होता, कुठला होता कोण जाणे. त्याचं काय झालं ते बघायला थांबता आलं नाही.

विम्याचे कागद भरलेत. सगळ्या पावत्या आहेत, टॅक्सीचीही.

---

मांडवीकाठ | २२ जुलै, २०:०२

फोटो मिळाला. भावाला पाठवला. म्हणतो, दाराशेजारची ती खिडकी माझी.

---

रानभूल | २२ जुलै, २१:१०

मी पुढच्या जूनमध्ये जायचं मनात धरलंय. हसू नका. एकच सांग, जहाजाच्या आधी किती दिवस पोहोचू?

---

सदाफुली | २२ जुलै, २१:३४

दोन रात्री आधी. मी जेमतेम दीड दिवस ठेवला होता, तो पुरला नाही. धुकं असलं तर विमानच उतरत नाही, परत ट्रोम्सोला जातं, हे तर माझ्या वाट्याला आलंच नाही. व्हिसा हातात पडल्या पडल्या तो रकाना वाच. आणि गरम कपडे घेऊ नकोस, माझ्याकडे दोघांचे पडलेत. आज बॅग उघडली, घडीसुद्धा मोडली नव्हती. फक्त तुझी उंची कळव, विजार मला जरा आखूडच होती.